रिको जीआर ३ हातात आल्यावर: नव्या सोयींची जुळवणी आणि वापर

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये रिको कंपनीच्या जीआर मालिकेचे स्थान वेगळे आहे. १९९६ साली फिल्मवर चालणाऱ्या जीआर १ पासून सुरू झालेली ही मालिका २००५ मध्ये डिजिटल झाली आणि २०१३ मध्ये तिच्यात एपीएस-सी आकाराचा मोठा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, आला. मार्च २०१९ मध्ये बाजारात आलेल्या जीआर ३ ची लांबी १०९.४ मिलिमीटर, उंची ६१.९ मिलिमीटर आणि जाडी ३३.२ मिलिमीटर आहे, आणि बॅटरी व कार्ड धरून त्याचे वजन २५७ ग्रॅम भरते. एवढ्याशा देहात २४ मेगापिक्सेलचा जो सेन्सर आहे तो आकाराने अनेक मोठ्या, भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांइतकाच आहे. लेन्स मात्र एकच आणि न बदलता येणारी आहे. १८.३ मिलिमीटर, एफ २.८ (एफचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार सांगतो; आकडा मोठा तितके छिद्र लहान) अशी ही लेन्स जुन्या फिल्मच्या मापाने २८ मिलिमीटरचे रुंद दृश्य दाखवते.

या कॅमेऱ्याला झूम नाही, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, आणि २०१५ च्या जीआर २ मध्ये असलेला छोटा फ्लॅशही यात राहिलेला नाही. त्या बदल्यात हाताचे कंपन सावरणारा सेन्सर, सेन्सरवरच बसवलेला, फोकस जलद शोधणारा फेज डिटेक्शन ऑटोफोकस, टचस्क्रीन आणि अधिक जवळचा मॅक्रो (अगदी जवळून चित्र घेण्याची सोय) या गोष्टी नव्याने मिळाल्या. फ्लॅश जायला नको होता असे माझे मत आजही आहे, कारण दुपारच्या उन्हात चेहऱ्यावरची सावली उजळायला तो फार उपयोगी पडत असे. वरच्या हॉट शूवर, म्हणजे फ्लॅशच्या खाचेवर, वेगळा फ्लॅश लावता येतो, पण मग कॅमेरा खिशात राहत नाही.

हा कॅमेरा पेटीतून काढून तसाच वापरला तर तो बऱ्यापैकी चांगली छायाचित्रे देतो, पण त्याची खरी ताकद कळत नाही. फोकसचे अंतर, शटरची किमान गती आणि आयएसओची (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेची) मर्यादा हे निर्णय घरी शांतपणे बसून घेतले, तर रस्त्यावर उभे असताना पडद्यावरच्या आकड्यांऐवजी समोरच्या माणसांकडे लक्ष देता येते. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

घरी करायची पहिली तयारी

प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करावी. चार्जिंग यूएसबी-सी केबलने कॅमेऱ्यातच होते, म्हणून मोबाइलची पॉवर बँक प्रवासात पुरेशी ठरते. डीबी-११० ही बॅटरी प्रमाणित चाचणीनुसार सुमारे २०० छायाचित्रे देते, आणि दिवसभर भटकंती करणाऱ्याला हा आकडा अपुरा आहे. दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच खरेदी करावी, नंतर पाहू असे म्हणू नये. लग्नकार्य किंवा यात्रेचा दिवस असेल तर तिसरीही जवळ असावी. कॅमेऱ्यात २ जीबी अंतर्गत स्मृती आहे. ती रोजच्या वापरासाठी नसून कार्ड घरी विसरल्यास वेळ निभावून नेण्यासाठी आहे.

त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावरून फर्मवेअरची, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या आतल्या आज्ञावलीची, ताजी आवृत्ती घ्यावी. जीआर ३ ला बाजारात आल्यानंतरही फर्मवेअरमधून नवे गुण मिळत गेले आहेत. जुना, कोणीतरी वापरलेला कॅमेरा घेतला असेल तर हे काम अधिकच आवश्यक आहे, आणि अशा वेळी आधीच्या मालकाच्या सगळ्या सेटिंग्ज पुसून मूळ स्थितीपासून सुरुवात करणे श्रेयस्कर.

फाइलचा प्रकार रॉ (सेन्सरने टिपलेली मूळ, असंस्कारित माहिती) आणि जेपेग (तयार चित्र) असा एकत्र ठेवावा. रॉ फाइल डीएनजी स्वरूपात मिळते. हे खुले स्वरूप असल्यामुळे बहुतेक सर्व संगणकीय प्रणाली ती थेट उघडतात. शिवाय रॉ फाइल कॅमेऱ्यातच पुन्हा संस्कारित करून वेगळ्या रंगछटेची जेपेग करता येते, म्हणून रंगाचा निर्णय चुकला तरी मूळ हातात राहते.

पडद्याची उजळता हा विषय व्ह्यूफाइंडर नसलेल्या कॅमेऱ्यात किरकोळ नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पडदा अक्षरशः काळा वाटतो. त्यासाठी आउटडोअर व्ह्यू नावाची सेटिंग दिलेली आहे. ती मागच्या एडीजे कळीच्या (निवडक सेटिंग्ज पटकन बदलण्याच्या कळीच्या) यादीत ठेवावी, म्हणजे उन्हातून सावलीत येता-जाता पडद्याची उजळता झटकन बदलता येईल. मात्र उजळता वाढवलेली असताना पडद्यावरच्या चित्रावरून एक्स्पोजर ठरवू नये, त्यासाठी हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजळ-गडद भागांचे प्रमाण दाखवणारा आलेख, पाहावा.

शटरची किमान गती आणि आयएसओ

मोड डायल एव्ही वर ठेवावी, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवतो आणि शटरची गती कॅमेरा ठरवतो. आयएसओ ऑटो ठेवून त्याची खालची मर्यादा १००, वरची मर्यादा ६४०० आणि शटरची किमान गती १/२५० सेकंद अशी नोंदवावी. या तिन्ही आकड्यांचा परस्परसंबंध नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे. प्रकाश कमी होऊ लागला की कॅमेरा प्रथम शटर १/२५० पर्यंत हळू करतो, त्यानंतर शटर तिथेच धरून आयएसओ वाढवत नेतो, आणि ६४०० ची मर्यादा गाठल्यावरच शटर त्याहून हळू होते. चालणाऱ्या माणसाचे पाऊल स्थिर टिपायला १/२५० पुरते. उभ्या किंवा बसलेल्या माणसांसाठी १/१२५ चालते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. दिव्यांनी उजळलेल्या बाजारपेठेत संध्याकाळी एफ ५.६ आणि १/१२५ ठेवले तर आयएसओ साधारण १६०० ते ३२०० च्या घरात जातो. या सेन्सरवर ३२०० ला चित्रात दिसणारा दाणेदारपणा मला अजिबात खटकत नाही. हललेले चित्र मात्र कोणत्याही संगणकावर दुरुस्त होत नाही. कमी आयएसओच्या हट्टापायी शटर हळू ठेवण्याची सवय असेल तर ती या कॅमेऱ्यापुरती तरी सोडावी.

स्नॅप फोकस

जीआर मालिकेचा आत्मा म्हणावा अशी ही सोय आहे. ती जीआर ३ मध्ये नव्याने आलेली नाही, पण नवा सेन्सर आणि स्थिरीकरण यांच्या जोडीने तिचा उपयोग वाढला आहे, आणि ज्यांनी आधी केवळ मोबाइलवर छायाचित्रे काढली आहेत त्यांच्यासाठी ती पूर्णपणे नवी आहे. एरवी शटरचे बटण दाबले की कॅमेरा फोकस शोधतो आणि मग चित्र घेतो. स्नॅप फोकसमध्ये फोकसचे अंतर आपण आधीच ठरवून ठेवतो, उदाहरणार्थ १, १.५, २, २.५ किंवा ५ मीटर अथवा अनंत. बटण दाबल्यावर कॅमेऱ्याला शोधण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे चित्र त्याच क्षणी घेतले जाते.

हे साधते ते लेन्सच्या कमी नाभीय अंतरामुळे (फोकल लेन्थमुळे). १८.३ मिलिमीटरच्या लेन्सला मुळातच पुढे-मागे बरेच काही स्पष्ट दाखवण्याची क्षमता असते आणि ॲपर्चर लहान केले की ती आणखी वाढते. अस्पष्टतेचे वर्तुळ (बिंदू किती पसरला तरी डोळ्याला स्पष्टच वाटतो, ती मर्यादा) ०.०२ मिलिमीटर धरून केलेल्या गणिताप्रमाणे, एफ ८ वर स्नॅपचे अंतर २.५ मीटर ठेवले तर सुमारे १.१५ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. एफ ८ वरच अंतर २ मीटर केले तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे १ मीटरपासून ३० ते ४० मीटरपर्यंत राहतो. एफ ५.६ वर १.५ मीटर ठेवल्यास तो १ ते ३ मीटर इतका आकसतो. एफ २.८ वर १.५ मीटर ठेवले तर मात्र जेमतेम १.२ ते २ मीटरचाच पट्टा उरतो आणि अंदाज थोडा चुकला तरी चेहरा अस्पष्ट होतो. चित्र मोठ्या आकारात छापायचे असेल तर हे सगळे पट्टे थोडे अरुंदच धरावेत.

म्हणून दिवसा एफ ८ आणि २.५ मीटर, दाट गर्दीत एफ ५.६ ते ८ आणि १.५ मीटर, असे दोन संच डोक्यात पक्के असले की रस्त्यावरचे बहुतेक काम भागते. रात्री एफ २.८ वर स्नॅप फोकस वापरण्याच्या मोहात पडू नये.

अंतराचा अंदाज कसा बांधायचा, हा प्रश्न नवशिक्याला साहजिकच पडतो. पावले मोजणे रस्त्यावर शक्य नसते, पण या कॅमेऱ्याची चौकटच त्याचे उत्तर देते. कॅमेरा आडवा धरला असता १ मीटरवर चौकटीची उंची सुमारे ८५ सेंटिमीटर असते, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत मावतो. १.५ मीटरवर ती जवळजवळ १ मीटर २८ सेंटिमीटर होते आणि माणूस गुडघ्यांच्या जरा वरपर्यंत दिसतो. २.५ मीटरवर सुमारे २ मीटर १३ सेंटिमीटर, म्हणजे माणूस नखशिखान्त आणि वर-खाली थोडी मोकळी जागा. लेन्स एकच असल्यामुळे हे प्रमाण कधीच बदलत नाही. झूम असलेल्या कॅमेऱ्यात ही सवय लागूच शकत नाही. घरातल्या कोणाला तरी भिंतीपाशी उभे करून, टेपने मोजलेल्या या तीन अंतरांवरून प्रत्येकी दहा-वीस चित्रे काढावीत. आठवडाभर हा सराव केला की कॅमेरा डोळ्यांजवळ नेण्याआधीच अंतर कळू लागते.

याला जोडूनच फुल प्रेस स्नॅप ही सेटिंग चालू करावी. ती चालू असताना कॅमेरा नेहमीच्या ऑटोफोकसवर राहतो आणि बटण अर्धे दाबले की रीतसर फोकस करतो. मात्र बटण अर्ध्यावर न थांबता एका दमात पूर्ण दाबले, तर फोकस न शोधता ठरवलेल्या स्नॅप अंतरावर चित्र घेतो. एकाच बोटाच्या दाबावर दोन्ही पद्धती मिळतात, आणि कोणती वापरायची याचा निर्णय त्या क्षणी घेता येतो. सुरुवातीला बोट गोंधळते आणि अर्धे दाबायचे तिथे पूर्ण दाबले जाते, तेव्हा दोन-तीन दिवस धीर धरावा.

पहाटे दादरच्या फुलबाजारात ही सोय कशी उपयोगी पडते ते सांगतो. पुलाखाली झेंडूच्या राशी, डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारे हमाल आणि हात-दीड हातावरून चाललेली घासाघीस असते. तिथे ऑटोफोकस अनेकदा मागच्या दिव्यावर किंवा मध्येच आलेल्या टोपलीवर अडकतो. एफ ५.६, १.५ मीटर, १/२५० असा संच लावून कॅमेरा छातीशी धरला की फक्त एक काम उरते, ते म्हणजे आपण स्वतः योग्य अंतरावर उभे राहणे. अर्थात कोणाचा चेहरा इतक्या जवळून घ्यायचा असेल तर आधी त्या व्यक्तीशी दोन शब्द बोलावेत आणि नको म्हटल्यास थांबावे. वेगवान कॅमेरा हातात असल्यामुळे ही जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

ऑटोफोकस आणि टचस्क्रीन

जीआर २ मध्ये फोकस केवळ काँट्रास्टवरून शोधला जात असे, त्यामुळे मंद प्रकाशात लेन्स पुढे-मागे सरकत राही. जीआर ३ मध्ये सेन्सरवरच्या फेज डिटेक्शनची जोड मिळाल्याने चांगल्या उजेडात फोकस लक्षणीय जलद झाला आहे. अंधाऱ्या खोलीत मात्र तो अजूनही रेंगाळतो आणि तिथे वेगाची अपेक्षा ठेवू नये.

ऑटोफोकसचे जे अनेक प्रकार मेनूत दिले आहेत, त्यांपैकी सिलेक्ट एएफ हा एकच प्रकार निवडून त्याची सवय करावी असे मी सुचवेन. पडद्यावर जिथे बोट टेकवाल तिथे फोकसची चौकट सरकते. बोट टेकवताच चित्रही घेतले जाण्याची सोय आहे, परंतु कॅमेरा हातात लटकत असताना पडद्याला अंगठा लागून नको तेव्हा चित्रे निघू शकतात, म्हणून ती बंद ठेवलेली बरी. फिरत्या गोष्टीचा पाठलाग करणारा ट्रॅकिंग प्रकारही आहे. खेळाचे सामने किंवा पक्षी टिपण्यासाठी हा कॅमेरा बनलेलाच नाही, हे स्वीकारले की त्या प्रकाराकडे वळण्याची गरज फारशी भासत नाही.

कंपन सावरणारा सेन्सर

जीआर मालिकेत सेन्सर हलवून कंपन सावरण्याची व्यवस्था पहिल्यांदा जीआर ३ मध्येच आली. ती तीन अक्षांवर चालते आणि तिचे प्रमाणित मोजमाप ४ स्टॉपचे आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी). रुंद लेन्सने हातात धरून सर्वसाधारणपणे १/३० सेकंदापर्यंत चित्र स्थिर येते असे धरले, तर चार पायऱ्या उतरून सुमारे १/२ सेकंदापर्यंत जाता येईल असा याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात मी १/४ च्या खाली भरवसा ठेवत नाही, कारण व्ह्यूफाइंडर नसल्याने कॅमेरा कपाळाला टेकवता येत नाही आणि हात पुढे करून धरलेला कॅमेरा अधिक हलतो. कोपरे बरगड्यांशी घट्ट धरावीत, पट्टा मानेत ताणून धरावा, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबावे आणि एकाऐवजी तीन चित्रे घ्यावीत.

ही व्यवस्था आपल्या हाताचे कंपन सावरते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे. मंदिराच्या गाभाऱ्यातील समया, जुन्या वाड्याचा अंधारा जिना किंवा रात्रीची रिकामी गल्ली यांसाठी ती उत्तम आहे. आरती ओवाळणाऱ्या हातासाठी मात्र शटरच वेगवान लागते. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवला असेल तर ही व्यवस्था बंद करावी.

एनडी फिल्टर आणि उजळ भागांचे मापन

लेन्सच्या आतच २ स्टॉपचा एनडी फिल्टर दिलेला आहे. तो सेन्सरवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश करतो. त्याची गरज एका मर्यादेमुळे भासते. लेन्समधील शटर १/४००० पर्यंत जात असले तरी एफ २.८ वर त्याची कमाल गती १/२५०० इतकीच आहे. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० आणि एफ २.८ ठेवले तर सुमारे १/३२०० लागते, म्हणजे चित्र गरजेपेक्षा उजळ येणार. एनडी लावला की तेच गणित १/८०० वर येते. फिल्टर ऑटोवर ठेवण्याची सोय आहे आणि बहुतेकांनी तो तसाच ठेवावा.

हाच फिल्टर पावसाळ्यात वेगळ्या कामाला येतो. ठोसेघरसारख्या धबधब्यापुढे ढगाळ प्रकाशात एफ ११, आयएसओ १०० वर शटर साधारण १/३० येते, आणि तेवढ्याने पाण्याची धार अर्धवट पुसट, अर्धवट गोठलेली, अशी धड ना इकडची ना तिकडची दिसते. एनडी चालू केला की शटर १/८ वर उतरते, पाण्याला ओघ येतो, आणि स्थिरीकरण असल्यामुळे हे चित्र तिकाटण्याशिवायही साधते. एफ १६ वर जाऊन १/४ मिळवता येईल, पण इतक्या लहान ॲपर्चरला बारीक तपशील किंचित मऊ पडतात.

प्रकाश मोजण्याच्या पद्धतींत उजळ भागांना झुकते माप देणारी एक पद्धत आहे. रंगमंचावरचा एकच झोत, दिवाळीतल्या पणत्या, काळोख्या दालनात खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप अशा प्रसंगी ती निवडावी. चित्र पडद्यावर फार गडद दिसेल, परंतु उजळ भागांतील तपशील शाबूत राहतात आणि सावल्या रॉ फाइलमधून बऱ्याच वर उचलता येतात. एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग मात्र परत मिळत नाही. साध्या दिवसाउजेडी ही पद्धत चालू राहिली तर सर्वच चित्रे अंधारी येतात, म्हणून काम झाले की नेहमीच्या मल्टी पद्धतीवर परतावे.

मॅक्रो

नेहमीच्या स्थितीत लेन्सपासून १० सेंटिमीटरच्या अलीकडे फोकस होत नाही. मॅक्रो चालू केल्यावर ६ ते १२ सेंटिमीटरचा पल्ला मिळतो आणि त्या काळात दूरचे काहीही फोकस होत नाही. हा कॅमेरा बिघडला असे वाटून घाबरणाऱ्यांनी आधी मॅक्रो चालू राहिला आहे का, ते पाहावे.

कासच्या पठारावर भाद्रपदात फुलणारी सीतेची आसवे किंवा गेंदाची फुले पाहिली तर या सोयीचे मोल कळते. ती इतकी लहान असतात की नेहमीच्या रुंद लेन्समध्ये जांभळ्या-पांढऱ्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. ६ सेंटिमीटरवरून घेतले की फूल मोठे दिसते आणि २८ मिलिमीटरच्या रुंदीमुळे मागचे पठार व आभाळही चित्रात राहते. लांब मॅक्रो लेन्सने हा परिणाम मिळत नाही. ॲपर्चर एफ ५.६ ते ८ ठेवावे, कारण इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरांचाच असतो. फोकस झाल्यावर शरीर पुढे-मागे झुलते, म्हणून सलग अनेक चित्रे घ्यावीत. कॅमेऱ्याची स्वतःची सावली फुलावर पडते, तेव्हा सूर्य बाजूला येईल अशी जागा निवडावी. पठारावर आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये आणि चित्रासाठी रोपांवर आडवे पडू नये. वाटेच्या कडेची फुले पुरेशी असतात.

क्रॉप आणि रंगछटा

३५ आणि ५० मिलिमीटरचा क्रॉप उपलब्ध आहे. सेन्सरचा मधला भागच तेवढा वापरला जात असल्याने ३५ वर सुमारे १५ आणि ५० वर सुमारे ७ मेगापिक्सेल उरतात. ३५ चा उपयोग मी आनंदाने करतो, ५० चा नाही. वर सांगितलेले चौकटीवरून अंतर ओळखण्याचे गणित क्रॉपमध्ये लागू पडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

इमेज कंट्रोलमध्ये पॉझिटिव्ह फिल्म, ब्लीच बायपास, रेट्रो आणि कृष्णधवलाचे अनेक प्रकार आहेत. पॉझिटिव्ह फिल्म ही छटा अनेकांच्या आवडीची आहे. लाल आणि निळे रंग त्यात खुलतात. आपल्याकडच्या प्रखर उन्हात मात्र तिच्या सावल्या फार काळ्या पडतात, म्हणून तिच्यातला काँट्रास्ट एक-दोन पायऱ्या कमी करून ठेवावा. हार्ड मोनोटोन पावसाळी रस्त्यांवर शोभून दिसतो.

यू १, यू २, यू ३

आतापर्यंत ठरवलेले सारे मोड डायलवरच्या या तीन जागांत साठवावे. यू १ मध्ये दिवसाचा रस्ता: एफ ८, स्नॅप २.५ मीटर, किमान शटर १/२५०. यू २ मध्ये गर्दी: एफ ५.६, स्नॅप १.५ मीटर, बाकी तेच. यू ३ मध्ये मंद प्रकाश: एफ २.८, सिलेक्ट एएफ, किमान शटर १/६०, स्थिरीकरण चालू, उजळ भागांचे मापन. आधी कॅमेरा एव्ही मध्ये हव्या त्या स्थितीत आणावा, एक चाचणी चित्र काढून खात्री करावी आणि मगच ती स्थिती साठवावी. डायलला कुलूपबटण असल्याने खिशात ती आपोआप फिरत नाही. साठवल्यानंतर केलेले तात्पुरते बदल कॅमेरा बंद केल्यावर पुसले जातात, आणि हा गुण फार सोयीचा आहे, कारण पुढच्या वेळी कॅमेरा चालू केला की सारे पुन्हा आपल्या ठरलेल्या जागी असते. कॅमेरा चालू व्हायला सुमारे ०.८ सेकंद लागतो.

जीआर ३ एक्स की जीआर ४?

२०२१ मध्ये आलेला जीआर ३ एक्स हा याच देहाचा, पण ४० मिलिमीटरचे दृश्य दाखवणारा भाऊ आहे. माणसांची व्यक्तिचित्रे आणि वस्तूंची चित्रे प्रामुख्याने काढणाऱ्याने तो घ्यावा. त्याच्या लांब लेन्समुळे स्नॅप फोकसचे पट्टे अरुंद होतात, म्हणून रस्त्यासाठी माझी पसंती २८ लाच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या जीआर ४ मध्ये सेन्सर सुमारे २६ मेगापिक्सेलचा आहे, लेन्सची रचना नवी आहे, स्थिरीकरण पाच अक्षांवर आणि ६ स्टॉपचे आहे, आणि अंतर्गत स्मृती २ जीबीवरून ५३ जीबीवर गेली आहे. कार्ड मात्र मायक्रोएसडी लागते, म्हणून जुनी कार्डे चालणार नाहीत. बॅटरीही नवी, डीबी-१२० आहे. मला त्यातला सर्वांत मोलाचा बदल वाटतो तो मोड डायलवर आलेला स्नॅप अंतराला प्राधान्य देणारा स्वतंत्र मोड. अंतर आणि स्पष्टतेचा पट्टा आपण ठरवायचा, शटर आणि आयएसओ कॅमेऱ्याने सांभाळायचे, अशी त्याची रचना आहे, म्हणजे वर तीन जागांत आपण हाताने जे साठवले तेच तिथे तयार मिळते. नवा कॅमेरा घेणाऱ्याने ऐपत असल्यास जीआर ४ घ्यावा. ज्याच्याकडे जीआर ३ आहे आणि जो प्रामुख्याने दिवसा चित्रे काढतो, त्याने केवळ या बदलांसाठी तो विकावा असे मला वाटत नाही.

धूळ, गुलाल आणि ओल

खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स चालू-बंद करताना आत-बाहेर सरकते आणि तिच्या हालचालीबरोबर हवा आत ओढली जाते. जीआर ३ ला धूळ वा पाणी रोखणारे आवरण नाही, आणि लेन्स न निघणारी असल्याने सेन्सरवर कण बसला तर तो आपल्याला घरी पुसता येत नाही. सेन्सर थरथरवून कण झटकण्याची सोय आहे. ती कॅमेरा चालू होताना आपोआप चालेल अशी ठेवावी. खिशात सुटी नाणी, रुमालाचे धागे आणि बडीशेपेची पुडी यांच्यासोबत कॅमेरा ठेवू नये. घट्ट विणीची छोटी पिशवी करून त्यात तो घालावा.

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला जात असताना लेन्स उघडी ठेवून फिरणे टाळावे. तिथे काढायचेच असेल तर जीए-१ हा अडॅप्टर लेन्सभोवती बसवून त्याच्या पुढे साधा काचेचा फिल्टर लावावा. लेन्स त्या नळकांड्याच्या आत सरकते आणि पूड थेट आत जात नाही. घरी परतल्यावर कॅमेरा बंद असतानाच मऊ ब्रशने कडा झाडाव्यात आणि मगच तो चालू करावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा कपाटात चामड्याच्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात.

सेन्सरवर कण आहे की नाही हे महिन्यातून एकदा तपासावे. एव्ही मोडमध्ये एफ १६ लावून, फोकस जवळच्या अंतरावर ठेवून, निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र काढावे आणि संगणकावर पूर्ण आकारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावे. एकाच जागी प्रत्येक चित्रात करडा ठिपका दिसला तर तो कण आहे. थरथरण्याची सोय तीन-चार वेळा चालवूनही तो गेला नाही, तर कॅमेरा अधिकृत सेवाकेंद्रात द्यावा. लेन्सच्या फटीत फुंकर किंवा दाबाची हवा मारू नये, कारण त्याने बाहेरची धूळ आणखी आत जाते.